लाल कार्डाचा मुलगा

३ फेब्रुवारी

टाचणी,

पाण्याचा भरलेला ग्लास टेबलाच्या माझ्या बाजूला ठेवलेला दिसला, त्या क्षणी माझ्यापुरतं सगळं बदललं. डॉक्टरांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

पत्र लिहिणार नव्हतो. जाताना तू म्हणाली होतीस, "बोललास की भांडतोस. काही सांगायचं असेल तर लिही." मी म्हणालो होतो, मी काय कारकून आहे? मग ना बोललो, ना लिहिलं. आज लिहितोय ते भांडायला नाही. भांडायला अंगात काहीतरी लागतं.

ती खोली तुला आठवत असेल. कॅन्सर हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीतली, जिथे तुम्हा डॉक्टरांना वाईट बातमी कशी सांगायची ते शिकवतात. एक टेबल, डॉक्टरची खुर्ची, पेशंटची खुर्ची, बाजूला नातेवाइकाची, आणि कोपऱ्यात शिकवणाऱ्या बाईंचं स्टूल. माझी नोकरी अजून तीच आहे. कधी मी पेशंट असतो, कधी पेशंटचा मुलगा. डॉक्टर येतात, कॅन्सर झाल्याचं सांगतात, मी हातातल्या कार्डाप्रमाणे रडतो, गप्प बसतो, नाहीतर टेबलावर हात आपटतो. मग बाई विचारतात, "काडी, तुला काय वाटलं ते सांग यांना." आणि मी सांगतो. कॉलेज अर्ध्यावर सोडलेल्या पोराकडून ऐकून घ्यायला कुणाला आवडत नाही. पण बाईंनी वॉर्डात मुख्य नर्स म्हणून यातल्या निम्म्यांना हात धुवायला शिकवलंय, त्यामुळे कुणी चूं करत नाही. शिवाय प्रमाणपत्र हवं असतं.

ग्लासचं मीच सुरू केलं होतं. पूर्वी डॉक्टर बोलायच्या आधी ग्लास पुढे सरकवायचे. मी बाईंना म्हणालो, ग्लास सरकला की माणूस समजतो, पुढचं काही ऐकत नाही. त्यापेक्षा माणूस आत यायच्या आधीच त्याच्या बाजूला भरून ठेवा. बाईंना पटलं. त्यांनी ते सगळ्या तुकड्यांना शिकवलं. आता पुढच्या इमारतीत, खऱ्या खोल्यांतही, ज्याला सांगायचं असतं त्याच्यासाठीच ग्लास भरतात.

काल मी बाबांचा रिपोर्ट ऐकायला गेलो. घशातला तुकडा काढून तपासायला दिला होता, एवढं तुला कुणाकडून कळलं असेल किंवा नसेल. आवाज बसून बरेच महिने झाले. आम्ही म्हणत होतो, दिवसभर स्टँडवर गाड्या पुकारणाऱ्याचा घसा बसणार नाही तर कुणाचा बसणार. बाबा बाहेर वजनकाट्यावर होते. मी आधी आत शिरलो. टेबलावर फायली, पेनांचा डबा, डॉक्टरांचा निवलेला चहा. आणि अलीकडच्या कडेला तो ग्लास, वर झाकण.

डॉक्टर म्हणजे आमचं कोकरू. तुझ्यानंतरच्या तुकडीतला. फार मऊ, म्हणून मी ठेवलेलं नाव. माझ्याच समोर परीक्षा देऊन पास झालाय.

"बाबा कुठे?" त्याने विचारलं.

"वजन करतायत."

"मग येऊ देत त्यांना."

"मला आधी सांगा."

तो दाराकडे बघत राहिला. नातेवाइकाला आधी सांगायचं नसतं, हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण मी खुर्चीत बसलो होतो, आणि समोर मी बसलो की बोलायचं, ही त्याला सवय आहे.

त्याने सगळं नीट केलं. मला काय काय माहीत आहे ते विचारलं. बातमी मनासारखी नाही म्हणाला. थांबला. मग म्हणाला, गाठ स्वरयंत्रावर आहे आणि ती कॅन्सरची आहे. परत थांबला. तू केलं असतंस तसंच, कुठे बोट ठेवायला जागा नाही.

आणि मी तळहात वर केला. का ते विचारू नकोस. आमच्या त्या खोलीत कुणीही तळहात वर केला की खेळ थांबतो, तुला माहीत आहे. कोकरू थांबलं. म्हणालं, "कुठून घेऊ?"

मीही म्हणालो, "दारापासून."

तो खरंच उठला गं. टेबलाला वळसा घालून दारापर्यंत गेला, दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि तिथेच उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. "सॉरी," तो दाराकडे तोंड करूनच म्हणाला. "मी... सॉरी."

"काही नाही," मी म्हणालो. "मधे थांबलात ते चांगलं होतं."

बाहेर बाबांच्या चपला वाजल्या. तेवढ्यात मी म्हणालो, "बाबांना काही सांगू नका, डॉक्टर. ते खचतील."

वाक्य ओळखलंस ना? माझं नाही. कार्डावरचं आहे.

काडी


११ फेब्रुवारी

टाचणी,

मागच्या पत्रावर तुझं काही आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. हे फक्त बाबांच्या कामासाठी लिहितोय, दुसरा अर्थ काढू नकोस.

त्या दिवशी बाबा आत आले आणि म्हणाले, "काय डॉक्टरसाहेब, गाडी वेळेवर आहे ना?" त्या फाटक्या आवाजात. कोकराने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, एक तपासणी राहिलीय, पुढच्या वेळी सांगतो. बाबांनी समोरचा ग्लास उचलला आणि घटाघट पिऊन टाकला. "बाहेर फार वेळ बसवता तुम्ही लोक," म्हणाले. "तहान लागते."

दुसऱ्या दिवशी कोकराचा फोन. म्हणाला, जे केलं ते चुकलं, बाबांना घेऊन ये. मी नाही म्हणालो. त्याने समजावून सांगितलं, तुला माहीतच असणार, तरी लिहितो. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे ऑपरेशन. स्वरयंत्र पूर्ण काढायचं. त्यात वाचण्याची आशा जास्त, पण आवाज कायमचा गेला. दुसरा म्हणजे किरणं आणि औषधं. त्यात आवाज राहील, निदान काही राहील. पण गाठ वाढलीय, त्यामुळे भरवसा कमी. "हे मी ठरवू शकत नाही," कोकरू म्हणालं. "तूही नाही. ज्याचा आवाज आहे त्यानेच ठरवायचं. आणि गाठ आपल्यासाठी थांबणार नाही."

"त्यांना सांगितलं तर ते जेवणखाण सोडतील," मी म्हणालो.

"तुला कशाची भीती वाटते?" त्याने विचारलं.

"तुम्ही तुमच्या वडिलांना सांगितलं असतं?"

त्याचं प्रत्येक वाक्य बाईंनी शिकवलेलं होतं आणि प्रत्येकाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. हिरव्या कार्डाचा मुलगा लगेच ऐकतो, पिवळ्या कार्डाचा रडून ऐकतो, आणि लाल कार्डावर छापलेलंच असतं: काही झालं तरी मानू नका. लाल कार्ड बाई नेहमी मलाच देतात. म्हणतात, तुझ्यात मूळचाच हट्ट आहे, वेगळं शिकवावं लागत नाही. आजवर मला कुणी हरवलेलं नाही.

राग येईल म्हणून मी वाट बघत होतो. कोकरावर, बाबांवर, स्टँडच्या धुरावर, कुणावर तरी. पूर्वी कसा पटकन यायचा. तुला तो दिवस आठवतो, वॉर्डात आपला सगळा घोळका सरांच्या मागे एका खाटेभोवती उभा होता, आणि सर पेशंटच्या डोक्यावरून आपल्याला म्हणाले, "ही केस हाताबाहेर गेलेली आहे, पुढे चला." पेशंट टक्क जागा होता. मी खाटेची फाइल उचलून सरांच्या पायाशी फेकली आणि जो बाहेर पडलो तो पडलोच. तू हॉस्टेलच्या दाराशी येऊन किती सांगितलंस, माफी माग, परीक्षेला बस. मी डोक्यात राख घालून बसलो. तू बसलीस परीक्षेला.

म्हणजे बघ. एका माणसाला वाईट पद्धतीने सांगितलं म्हणून मी कॉलेज सोडलं. आणि आता घरातल्या माणसाला कुठल्याच पद्धतीने सांगत नाही. हे मला कळतं. पण टोचत नाही. बधिर झालेल्या दाढेवर जीभ फिरवावी तसं कळतं.

घरी सगळं पूर्वीसारखं चाललंय. आई गेल्यापासून आम्ही दोघंच, तुला ठाऊक आहे. बाबा अजून सकाळी पुकारा करतात. "लक्ष द्या. आंघोळीला जाणाऱ्या प्रवाशांनी त्वरित निघावे, पाणी सुटण्याच्या तयारीत आहे." फक्त आता ते कुजबुजल्यासारखं येतं, भिंतीपलीकडच्या रेडिओसारखं. स्टँडवर त्यांना हलकं काम दिलंय, पाट्या बदलायचं. माइकवर एक पोरगी बसते. बाबा म्हणतात, "नाकात बोलते. गाडी आली की सर्दी झाली तेच कळत नाही."

काम असं आहे. बाबा तुझं ऐकतात. मी कॉलेज सोडलं तेव्हाही माझ्याशी अबोला धरून तुझ्याशी मात्र फोनवर तासभर बोलायचे. तू घशाच्याच कॅन्सरचं शिकायला गेली आहेस. तू ये, नाहीतर फोन कर, आणि तूच सांग त्यांना. तुझ्या तोंडून त्यांना सोसवेल.

एवढंच काम होतं.

काडी


२२ फेब्रुवारी

टाचणी,

तुझं पाकीट आलं. मी ते शर्टाच्या खिशात ठेवून दिवसभर फिरलो, दुपारच्या सुट्टीत जिन्यात बसून उघडलं. आत एवढा मोठा कागद आणि एकच ओळ. "कुठलं कार्ड खेळतो आहेस?"

खाली सहीसुद्धा नाही.

पूर्वीचा असतो तर कागदाचे तुकडे करून, तेच पाकिटात भरून परत पाठवले असते. मी घडी घातली आणि कामावर गेलो. तिथे एका डॉक्टरीणबाईंनी मला फुफ्फुसाचा कॅन्सर असल्याचं सांगितलं. चांगलं सांगितलं.

याच जिन्यात तू मला सांगितलं होतंस. तुझी परीक्षा होती त्या दिवशी. मी पेशंट होतो, तू डॉक्टर, माझ्या हातात पिवळं कार्ड. तू विचारलंस, "तुम्हाला आजाराबद्दल किती माहिती आहे?" आणि मी रडायला लागलो ते थांबेचना. बाई मागून म्हणाल्या, वा, काडी. त्यांना वाटलं मी काम करतोय. तू एकटीच ओळखून होतीस. तू ग्लास पुढे केला नाहीस, हात पुढे केला नाहीस, नुसती बसून राहिलीस, माझं आटपेपर्यंत. तुला पैकीच्या पैकी मिळाले.

आणि मग जिन्यात तू म्हणालीस, "माझ्या पुढच्या शिक्षणाबद्दल तुला किती माहीत आहे?" मी म्हणालो, काहीच नाही. तू म्हणालीस, "किती ऐकायची तयारी आहे?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, तू मला पायऱ्या पायऱ्यांनी सांगते आहेस. मी भिंतीवर मूठ मारली. म्हणालो, मी तुझा पेशंट आहे का? तू म्हणालीस, "नाही. पण दुसऱ्या कुठल्या पद्धतीने तुला सांगायचं ते मला येत नाही. येत असतं तर केव्हाच सांगितलं असतं." आणि मग सांगितलंस. लांबच्या देशातलं प्रशिक्षण, दोन वर्षं, आणि परत आल्यावर मी तुझी वाट बघत असू नये.

त्या भिंतीचा पोपडा अजून तसाच आहे. खोलीतून निघतानाच तू वरचं दार उघडं टाकलं होतंस. आतले लोक माझ्याकडे बघत होते.

हे सगळं लिहायचं नव्हतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं होतं.

लाल.

आणि मला वाटतं, तू येणार नाहीस. फोनही करणार नाहीस. काय करू नये ते तुला बरोबर कळतं.

कोकरू रोज फोन करतं. तज्ज्ञ डॉक्टरांची बैठक बसते, तिच्यात बाबांची केस मांडायचीय, पण बाबांना काय हवंय ते विचारल्याशिवाय ते मांडणार नाहीत. मी सांगितलं, त्यांना सर्दी झालीय. कोकरू म्हणालं, "काडी, तू माझ्याशी खेळतोयस." मी म्हणालो, "हो."

काडी


५ मार्च

टाचणी,

आज जे झालं ते कुणाला तरी लिहून ठेवायला हवं. बाईंना सांगता येत नाही, कारण त्यांना बाबांचं काही माहीतच नव्हतं.

बाबांना तपासणीसाठी रक्त द्यायला पुढच्या इमारतीत नेलं होतं. तिथून म्हणाले, "तुझं ऑफिस तरी दाखव. बघू दे, रडायचा पगार कुठे मिळतो ते." मी नको म्हणायच्या आत ते जिना चढायला लागलेही. वर बाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. आमच्याकडे बापाचं काम करणाऱ्या निवृत्त पोस्टमनकाकांचा गुडघा धरला होता. केस होती म्हाताऱ्या वडिलांची आणि सांगू नका म्हणणाऱ्या मुलाची. मुलगा हजर, बाप नाही.

बाईंनी बाबांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही बसाल का? पाठ करायचं काही नाही. पोटात गाठ आहे असं समजायचं, आणि डॉक्टर विचारतील त्याची उत्तरं द्यायची."

"बसायचा पगार किती?"

"चहा मिळेल."

"मग बसतो," बाबा म्हणाले. "स्टँडवर तोही मिळत नाही."

मी तळहात वर करू शकलो असतो. हात मांडीवर होता. जड झाला होता असं नाही. नुसता होता.

समोर शिकायला कोण आलं असेल? घशाचे मोठे सर्जन. ज्यांचं नाव काढलं की तुम्ही सगळे उभे राहायचात, तेच. नवीन नियम आलाय, वरिष्ठांनीही हे शिक्षण घेतल्याशिवाय त्यांची नोंदणी पुढे सरकत नाही. म्हणून आलेले, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलेलं.

"मी उभं आयुष्य कापण्यात घालवलंय," ते म्हणाले. "आता तुम्ही मला बोलायला शिकवणार?"

"कापताना पेशंट झोपलेला असतो, सर," बाई म्हणाल्या. "जागा झाला की अडचण होते."

मागे बसलेली पोरं हसली. सर्जन हसले नाहीत, पण त्यांनी घड्याळ खिशात टाकलं.

सुरुवात झाली. त्यांनी बाबांना विचारलं, काय त्रास होतो. बाबा म्हणाले, पोटात दुखतं, जेवण जात नाही. अगदी मन लावून सांगत होते. सर्जन ऐकता ऐकता पुढे वाकले. मान तिरकी केली.

"हा आवाज असा कधीपासून आहे?"

"सर, कार्डावर पोट आहे," बाई म्हणाल्या.

"कळतंय मला पोट आहे ते." त्यांची नजर बाबांवरून हलली नाही. "कधीपासून?"

"झाले की बरेच महिने," बाबा म्हणाले. "मी स्टँडवर गाड्या पुकारतो. माइक खराब असला की ओरडावं लागतं. हा तिथून घेतलेला आवाज आहे, नाटकातला नाही."

"गिळताना अडकतं? कानात कळ येते?"

"येते अधूनमधून."

सर्जननी माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघत होतो. एका फरशीचा कोपरा उडालाय, तिथे सिमेंट भरलंय. खोलीत एकदम शांत झालं होतं. खेळात असं शांत झालं की पुढचं वाक्य माझं असतं. ते आलं. मी काही केलं नाही, तोंडाने आपोआप म्हटलं. "डॉक्टर, बाबांना काही सांगू नका. ते खचतील."

बाबांच्या समोर म्हटलं. कार्डात बाबा बाहेर बसलेले असतात.

ते माझ्याकडे बघत होते तोवर मला वाटलं, आता हे विचारतील, तुला कशाची भीती वाटते. सगळे तेच विचारतात. त्यांनी विचारलं नाही. त्यांनी आपली खुर्ची उचलून बाबांसमोर फिरवली, इतकी की माझ्याकडे त्यांची पाठ झाली. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. पाठ करायची नसतेच नातेवाइकाकडे.

"तुम्हाला किती कळायला हवंय?" त्यांनी बाबांना विचारलं. मघाचा आवाजच नव्हता तो.

बाबांनी थोडा विचार केला. मग पुकारा करताना करतात तसा घसा खाकरला, तो काही साफ झाला नाही.

"साहेब, घोषणा कधी अर्धी करू नये. गाडी येतेय एवढंच सांगितलं आणि फलाट सांगितला नाही, की माणसं सामान घेऊन नुसती पळत सुटतात. म्हातारी माणसं पडतात. मी नोकरीभर हे एक पाप केलेलं नाही. गाडी रद्द असली तरी मी रद्द म्हणून सांगतो. लोक शिव्या देतात, पण घरी जातात." ते थांबले. "तर मला फलाटासकट सांगा. आणि याला बाहेर बसवा. हा समोर असला की मला याचंच तोंड बघत बसावं लागतं, माझं काही ऐकून घेता येत नाही."

बाईंनी तळहात वर केला. "थांबू या." मागच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाबा उठून जरा वाकले आणि म्हणाले, "चहा."

सर्जन मात्र बसूनच होते. बाईंना म्हणाले, "मी नापास असेन तर परत येईन." जाताना माझ्याजवळ थांबले. "कुणाकडे दाखवताय?" मी कोकराचं खरं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि गेले.

बाईंनी मला नेहमीसारखं विचारलं, "काडी, तुला काय वाटलं?" पहिल्यांदाच मला काही सांगता आलं नाही. त्यांनी बाबांच्या हातावरच्या रक्ताच्या पट्टीकडे बघितलं, कापूस अजून चिकटलेला होता. मग माझ्याकडे बघितलं. लाल कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं आणि आपल्या खिशात घातलं.

जिना उतरताना बाबा म्हणाले, "काम बरं आहे तुझं. काहीतरी कायमचं लागलं बघ तुला."

मग पोपडा उडालेल्या भिंतीपाशी येऊन दम घेतला. "ते तुझं वाक्य कुणी लिहून दिलं होतं?"

"कार्डावर असतं."

"हं." पुढच्या वळणावर एकटेच म्हणाले, "खचतील म्हणे."

स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. ती नाकातली पोरगी माइकवर होती. बाबांनी उभं राहून एक अख्खी घोषणा ऐकली, फलाट सांगेपर्यंत.

"डॉक्टरांची तारीख कधी आहे?" त्यांनी विचारलं. "सर्दी होती म्हणून चुकलेली?"

सर्दीचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. कोकराने घरी फोन केला असणार.

"सोमवारी," मी म्हणालो.

"जाऊ या," बाबा म्हणाले.

काडी


९ मार्च

टाचणी,

हे बाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. गुडघ्यावर कागद, त्यामुळे अक्षर असं.

सकाळी बाबांनी स्वतः दाढी केली. स्टँडचा निळा शर्ट घातला, खिशावर बिल्ला असलेला. मी म्हणालो, आज सुट्टी आहे तुमची. म्हणाले, "ड्यूटीवर असलं की मला नीट ऐकू येतं." पुकारा केला नाही. मी आपणहूनच आंघोळीला गेलो.

बाबा वजनकाट्यावर थांबले, मी आधी आत गेलो. मागच्या वेळेसारखंच. कोकरू होतं, आणि खिडकीपाशी मोठे सर्जन उभे होते. ग्लास अलीकडच्या कडेला भरून ठेवलेला. मी तो उचलला आणि डॉक्टरांच्या बाजूला ठेवला.

कोकरू बघत राहिलं. "हे तर तूच..."

"हो," मी म्हणालो. "पण ग्लासवरून कळायला नको. तुमच्या तोंडून कळू दे. मग द्या."

सर्जननी खिडकीकडे तोंड फिरवलं.

बाबा आले. पेशंटच्या खुर्चीत बसले, पिशवी मांडीवर. मी नातेवाइकाच्या खुर्चीत. तिथे मी इतक्या वेळा बसलोय की पाठीला तिचा आकार माहीत आहे. बाबा सर्जनना म्हणाले, "तुम्ही इकडे पण असता?" ते म्हणाले, "मी इकडचाच. तिकडे शिकायला येतो."

"आज कार्डावर काय आहे? पोटच का?"

"आज कार्ड नाही," सर्जन म्हणाले.

मग कोकराने खुर्ची पुढे घेतली. त्याने घाई केली नाही. "काका, तुमच्या घशाबद्दल तुम्हाला आत्तापर्यंत काय काय सांगितलंय?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "सगळे गोड बोलतात माझ्याशी."

"आज तुम्हाला किती..."

बाबांनी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. ते माझ्याकडे वळले. नुसते बघत राहिले, गाडी चुकीच्या फलाटावर लागली की ड्रायव्हरकडे बघतात तसे. रागावून नाही. तो कधी मागे घेतो याची वाट बघत.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. जिभेवर आलेलं मला कळत होतं, चव असते तसं. तळहातही वर करता आला असता. आणि कोकरू थांबलं असतं, ते थांबतंच.

तू असतीस तर काय केलं असतंस, असा विचार करून बघितला. पण तुझा चेहरा आठवेना. फक्त बसून राहिलेली आठवलीस, हात मांडीवर, माझं आटपायची वाट बघत.

मी उठलो. पिशवी घ्यायला हात पुढे केला, कारण बाहेर जाताना पिशवी मीच धरतो.

"पिशवी राहू दे," बाबा म्हणाले. "तू हो बाहेर."

कोकरू, सर्जन, दोघंही माझ्याकडे बघत होते. आम्ही शिकवतो, नातेवाईक उठला तर त्याला थांबवू नका. त्यांनी थांबवलं नाही. मी खुर्ची टेबलाखाली नीट सारली. दारापर्यंत गेलो. मुठीवर त्या दिवशी कोकराचा हात होता तिथेच माझा हात आला. मागे बाबा घसा खाकरत होते, आणि मग त्यांचा तो फाटका आवाज म्हणाला, "हं साहेब. करा घोषणा."

ह्या दाराला कडी नाही, नुसता खटका आहे. उघडं ठेवलं तर उघडंच राहतं, ओढून घेतलं की लागतं. मी बाहेर आलो आणि ओढून घेतलं.